फेरीवर पगार, ब्रेकचा स्ट्रोक : परदेशी ट्रक-नियमांतले गोव्यात काय घ्यावे

प्रश्न थोडक्यात असा : उसगाव-धारबांदोडा पट्ट्यात चार सहाचाकी टिप्पर आहेत. हंगामात खनिज, एरवी खडी, चिरे, माती. परदेशात ट्रकांचे अपघात आटोक्यात आणण्यासाठी जे केले, त्यातले चार गाड्यांच्या मालकाला काय परवडेल आणि सुरुवात कुठून करावी?

हा विषय निघाला की बहुतेक जण कॅमेरे, सेन्सर, आपोआप लागणारे ब्रेक यांच्याकडे वळतात. युरोपात नव्या ट्रकांना यातले बरेच काही सक्तीचे आहे, हे खरे. पण ते नंतरचे. गाडी कोणी पाठवली, किती वाजता, किती वजन भरून आणि कोणत्या दराने, याचा हिशेब तिथे आधी मागितला जातो आणि तो एकट्या ड्रायव्हरकडे मागत नाहीत. आपल्याकडे पंचनामा ड्रायव्हरच्या नावावर सुरू होतो आणि तिथेच संपतो. म्हणून आधी पगाराचे बोलू, मग लोखंडाचे.

युरोपीय संघाच्या २००६ सालच्या ५६१ क्रमांकाच्या नियमाचे दहावे कलम वाचण्यासारखे आहे. कापलेले अंतर किंवा वाहून नेलेला माल यांवर बेतलेला पगार वा बोनस रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात आणत असेल, तर तो देता येत नाही. आपल्या खनिज वाहतुकीत नेमके याच्या उलट आहे : मालकाला टन-किलोमीटरवर भाडे, ड्रायव्हरला फेरीवर भत्ता. फेऱ्या वाढवायच्या तर वेग वाढवा किंवा झोप तोडा. फेरी तीच ठेवून पैसे वाढवायचे तर हौदा चढवा. चौथा मार्ग नाही.

यावर उपाय मालकाच्या हातात आहे. महिन्याचा पगार निश्चित ठेवा, फेरीचा भत्ता ठरावीक आकड्यापर्यंतच द्या, त्यापुढच्या फेरीला भत्ता नाही. आकडा अंदाजाने काढू नका. समजा खाण ते जेटी १८ किलोमीटर. भरलेल्या गाडीची सरासरी ताशी २५ धरली तर जायला ४३ मिनिटे, रिकामी ताशी ३० ने यायला ३६ मिनिटे, भरणे-काटा-ओतणे मिळून ५० मिनिटे. एकूण १२९ मिनिटे. आठ तासांतून अर्ध्या तासाची विश्रांती वजा केली की ४५० मिनिटे उरतात, म्हणजे तीन फेऱ्या होतात आणि तासभर उरतो. त्याच रस्त्यावर त्याच आठ तासांत पाच फेऱ्या दाखवणारा ड्रायव्हर कुठून तरी वेळ चोरतो आहे. खनिजाच्या ट्रकांना जीपीएस आहेच, पण तो सगळे फेऱ्या मोजायलाच वापरतात. त्यातून आठवड्याला दोनच गोष्टी काढा : भरलेल्या गाडीचा कमाल वेग आणि दोन दिवसांच्या कामांमधला विश्रांतीचा अवधी.

यंत्र बसवून पगार तसाच ठेवला तर काय होते, ते अमेरिकेने दाखवले. डिसेंबर २०१७ पासून तिथे तासांची नोंद ठेवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण सक्तीचे झाले. तासांचे उल्लंघन घटले, पण छोट्या मालकांच्या गाड्यांमध्ये वेगाचे गुन्हे वाढल्याचे आढळले. कारण उघड आहे. माल भरायच्या दारात तीन तास गेले की ते उरलेल्या वेळातून भरून काढावे लागतात. तिथल्या वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालात हिशेबच दिला आहे : माल भरण्या-उतरवण्याच्या जागी सरासरी थांबा १५ मिनिटांनी वाढला की अपघाताचा अपेक्षित दर ६.२ टक्क्यांनी वाढतो. जेटीवर, प्लॉटवर किंवा मुरगाव बंदराच्या फाटकावर रांगेत घालवलेला वेळ म्हणजे निव्वळ डिझेलचे आणि वेळेचे नुकसान नव्हे. फाटकात शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ फेरीच्या पावतीवर लिहून घ्या. महिनाभराच्या पावत्या जमल्या की ट्रकमालक संघटनेमार्फत थांब्याचे भाडे मागता येते. त्या कागदाशिवाय कोणी दाद देणार नाही.

ऑस्ट्रेलियाने हीच साखळी कायद्यात बांधली. तिथल्या अवजड वाहन कायद्यानुसार माल पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक आखणारा, माल घेणारा आणि गाडीचा मालक, सगळे आपापल्या वाट्याला जबाबदार असतात. २०१८ च्या ऑक्टोबरपासून हे आणखी कडक झाले : अपघात होण्याची वाट न पाहता, धोका टाळण्याची व्यवस्था केली होती का, एवढेच विचारले जाते. आपल्याकडे असे काहीच नाही म्हणणेही बरोबर नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ जादा वजनाची गाडी चालवणाऱ्याबरोबरच ती चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागू होते. दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल तिथेच उतरवणे. हे कलम वापरले जाते ते मात्र ड्रायव्हर आणि मालकावरच. लोडरवर बसलेला माणूस आणि त्याला ‘भर’ म्हणणारा मुकादम कागदावर कुठेच नसतात. लोडिंग स्लिपवर त्यांचे नाव आणि सही घ्या. एवढ्याने हौद्यातला शेवटचा बकेट बऱ्याचदा आपोआप कमी होतो.

ऑस्ट्रेलियाचाच एक फसलेला प्रयोगही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. भाडे आणि सुरक्षितता यांची सांगड घालण्यासाठी २०१२ मध्ये तिथे खास न्यायाधिकरण नेमले गेले आणि २०१६ मध्ये ते गुंडाळावे लागले. विरोध मुख्यतः एकेका गाडीच्या मालक-चालकांचा होता. सक्तीचा किमान दर त्यांच्याच गाडीला लागू होत होता. पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना तो नव्हता, त्यामुळे काम तिकडे जाईल अशी भीती होती. गोव्यात किमान भाड्याची मागणी करताना तो दर सगळ्यांना सारखा लागू होईल हे आधी पाहावे.

आता तासांचे. युरोपात दिवसाला ९ तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा १० तास. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती, रोज सलग ११ तास सुट्टी; ती आठवड्यातून तीनदा ९ तासांवर आणता येते. अमेरिकेत १४ तासांच्या खिडकीत ११ तास चालवता येते, त्याआधी सलग १० तास सुट्टी हवी. आपला १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली) पाहिला तर दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास, पाच तासांआधी अर्ध्या तासाची विश्रांती. वेगाचेही तसेच : युरोपात आणि जपानात मोठ्या ट्रकांचा वेग-नियंत्रक ताशी ९० वर बांधलेला असतो, आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११८ मध्ये डंपर-टँकरना ६० ची मर्यादा आहे. कागदावर आपण त्यांच्यापेक्षा कडक आहोत. तिथे टॅकोग्राफ (गाडी किती तास, किती वेगाने चालली याची आपोआप नोंद ठेवणारे यंत्र) आहे, पत्रके तपासणारा आहे आणि खोटी नोंद सापडली तर मालकाचा परवाना जाऊ शकतो. उणीव तेवढीच आहे.

टॅकोग्राफशिवायही नोंद ठेवता येते, हे जपानकडून शिकावे. तिथे ‘तेन्को’ नावाची हजेरी कायद्याने सक्तीची आहे. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर जबाबदार माणूस ड्रायव्हरला समोर उभा करून विचारतो : झोप किती झाली, तब्येत कशी, गाडी तपासली का, परवाना सोबत आहे का. मग त्या दिवसाचा रस्ता आणि हवामान सांगतो. २०११ पासून मद्याची चाचणी उपकरणाने करावी लागते आणि आकडा शून्य नसेल तर गाडी मिळत नाही, मग तो कायद्याच्या मर्यादेत का असेना. नोंद वर्षभर जपतात. चार गाड्यांसाठी हे काम पाच-सात मिनिटांचे आहे. वही घाला : तारीख, वेळ, झोपेचे तास, चाचणीचा आकडा, सही. सहा तासांहून कमी झोप झालेल्याला त्या दिवशी गाडी द्यायची नाही, पण त्याचा दिवसाचा पगारही कापायचा नाही. कापलात तर उद्यापासून सगळेच आठ तास झोपतील, वहीत. चाचणीचे उपकरण इंधन-पेशीच्या सेन्सरचे घ्या. स्वस्तातले अर्धवाहक सेन्सरचे उपकरण गुटखा, माउथवॉश, परफ्यूम अशा कशानेही चुकते आणि दोन खोटे आकडे आले की हजेरीवरचा विश्वासच उडतो. कॅलिब्रेशन कंपनीने सांगितलेल्या मुदतीत करून घ्या.

लोखंडात सर्वांत आधी ब्रेक, आणि इथे अमेरिकेची पद्धत जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. तिथे रस्त्यावरचा तपासनीस गाडीखाली शिरून पुशरॉडचा, म्हणजे बूस्टरमधून (चाकामागच्या हवेच्या डब्यातून) बाहेर येऊन ब्रेक लावणाऱ्या दांड्याचा, स्ट्रोक मोजतो; तो किती सरकतो ते. दोषी ब्रेक एकूण ब्रेकांच्या २० टक्के भरले की गाडी जागेवरच थांबवतात. चार ब्रेकांच्या गाडीत एकच दोषी निघाला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. हे मोजायला खडू, पट्टी आणि दोन माणसे पुरतात. गाडी सपाटीवर उभी करा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, इंजिन बंद करा, हँडब्रेक सोडा. प्रत्येक बूस्टरच्या तोंडाशी पुशरॉडवर खडूची खूण करा. हवेचा दाब साडेसहा बारच्या आसपास असताना वरच्या माणसाने ब्रेक पूर्ण दाबून धरायचा. खूण किती पुढे सरकली ते मोजा. बूस्टरवर प्रकार कोरलेला असतो : ३० क्रमांकाच्या साध्या बूस्टरला मर्यादा ५१ मिलिमीटर, २४ आणि २० क्रमांकाला ४४.

मर्यादेच्या जेमतेम आत असलेला ब्रेक का चालत नाही, हे ड्रायव्हरला समजले पाहिजे. उतारावर ड्रम तापतो आणि फुगतो, लायनरपासून दूर जातो. पुशरॉडला तेवढाच जादा प्रवास करावा लागतो. अंगणात ४८ मिलिमीटर दाखवणारा ब्रेक अनमोड घाटाच्या मध्यावर बूस्टरच्या तळाला टेकतो. पेडल कडक लागते, हवा पूर्ण असते आणि गाडी थांबत नाही. म्हणूनच ‘ब्रेक अचानक फेल झाला’ हे वाक्य बहुतेक वेळा खरे नसते. तो कित्येक दिवस आधीच संपलेला असतो, उतार त्याला उघडा पाडतो एवढेच.

स्वयंचलित स्लॅक अ‍ॅडजस्टर (पुशरॉडला जोडलेला, लायनरची झीज आपोआप भरून काढणारा हात) असलेल्या गाडीत स्ट्रोक वाढला तर मेकॅनिक पाना घेऊन हाताने आवळतात. दोन दिवस बरे वाटते, मग पुन्हा वाढतो. अशा वेळी दोष दुसरीकडे असतो : क्लेव्हिस पिन झिजलेली, कॅमशाफ्टचे बुश ढिले किंवा स्लॅकच आतून मेलेला. कारण शोधा, आवळू नका. हवेची गळतीही मोजा : इंजिन बंद ठेवून पेडल दाबून धरले असता एका मिनिटात दाब सुमारे ०.२ बारपेक्षा जास्त उतरू नये. आपल्या दमट हवेत एअर टँकमध्ये पाणी फार साठते. ते रोज संध्याकाळी सोडा. पाण्याबरोबर दुधट तेल आले तर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्यात. आणि मागच्या चाकांच्या दुहेरी बूस्टरचा स्प्रिंगचा भाग कोणी अंगणात खोलू नये. आतली स्प्रिंग दाबलेली असते आणि सुटली तर माणूस मारते.

उतार उतरण्याची अमेरिकी परवाना-पुस्तिकेतली पद्धत अशी : गिअर उतार सुरू होण्याआधी पाडायचा, मध्ये नाही. उताराला साजेसा वेग ठरवायचा. गाडी त्या वेगाला पोहोचली की ब्रेक चांगला जाणवेल इतका दाबून वेग ताशी ८ किलोमीटरने खाली आणायचा आणि पूर्ण सोडायचा. पुन्हा वेग चढला की पुन्हा तसेच. हलका पाय सतत ठेवून उतरणे ही आपल्याकडची सवय ड्रम तापवते. करमल घाटात ताशी ३० ठरवले तर ३० वर दाबा, २२ वर सोडा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) असेल तर वरूनच चालू ठेवा. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्याला घरी पाठवलेले बरे.

चाकाचे नट. ब्रिटनमध्ये यावर बराच अभ्यास झाला, कारण ट्रकांची चाके निसटून माणसे मेली. आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालणारा तो देश, आणि तिथे निसटणारी चाके जास्त करून डावीकडची. चाक काढून बसवल्यावर नट टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याला आवळायचे, आणि अर्धा तास उभ्या गाडीवर किंवा ४० ते ८० किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळायचे. दुसरी आवळणी आपल्याकडे कोणीच करत नाही. रिम आणि ड्रमच्या मधला रंग, गंज, धूळ दाबली गेली की नट आपसूक ढिला पडतो, तो किती जोराने आवळला होता याने फरक पडत नाही. खनिजाची लाल धूळ यात भरच घालते; तोंडे ब्रशने साफ केल्याशिवाय रिम बसवू नका. नटापासून बाहेर जाणारा गंजाचा ओघळ दिसला तर तो नट हलतो आहे. पिवळे प्लॅस्टिकचे बाण नटांवर समोरासमोर लावले की हललेला नट लांबूनही कळतो.

टायरचे खोलात जात नाही. अमेरिकेत पुढच्या टायरला ३.२ मिलिमीटर आणि बाकीच्यांना १.६ मिलिमीटर नक्षी किमान लागते, तीच धरा. जोडचाकांमध्ये अडकलेली खडी खाणीतून बाहेर पडताना काढा; ती वेगात सुटून मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर जाते.

वजनाच्या बाबतीत काट्यावर कळेपर्यंत उशीर होतो. खूण हौद्यातच हवी. सुट्या खनिजाचा घनमीटर दोन ते अडीच टनांचा, खडीचा दीड टनाच्या थोडा वर. हौद्याची तळजागा ४.२ गुणिले २.२ मीटर आणि कागदावरची भारक्षमता ११ टन धरली, तर २.२ टनांच्या खनिजाची उंची ५४ सेंटिमीटर येते आणि १.५५ टनांच्या खडीची ७७. दोन्ही रेघा आतून पांढऱ्या रंगाने मारा. आपल्या आरसी बुकातली वजने घेऊन आपल्या गाडीचा आकडा काढा. पावसात भिजलेला माल रेघेच्या चार बोटे खालीच थांबवा. ताडपत्री फाळक्यापर्यंत बांधली नाही तर सांडलेल्या खनिजावर पहिला पाऊस पडला की रस्ता साबणासारखा होतो. हौदा वर असताना गाडी पुढे काढली तर वाजणारा भोंगा ब्रिटनमधल्या टिप्परांवर सर्रास असतो. आपल्या गावांतल्या विजेच्या तारांची उंची पाहता तो इथे जास्त गरजेचा आहे. स्विच, वायर आणि भोंगा एवढेच सामान लागते.

आंधळ्या जागेबाबत लंडनचे पाहा, कारण तिथेही स्टीअरिंग उजवीकडे आणि सायकलवाले डावीकडून घुसतात. बोरीच्या पुलाकडे किंवा फोंड्याच्या चौकात स्कूटर तशाच शिरतात. १ सप्टेंबर २०१५ पासून लंडनमध्ये साडेतीन टनांवरच्या ट्रकांना बाजूचे संरक्षक कठडे आणि दोन जादा आरसे सक्तीचे झाले : एक डाव्या दाराजवळची जमीन दाखवणारा, एक काचेच्या लगेच पुढची. हे दोन बहिर्गोल आरसे आणि त्यांचे ब्रॅकेट सहज मिळतात. डावीकडचा जमिनीपासून दोन मीटरच्या वर बसवा. बसवण्याआधी ड्रायव्हरला सीटवर बसवा, दुसऱ्याने गाडीभोवती फिरावे आणि डोके दिसेनासे होते तिथे चुन्याने रेघ मारावी. बहुतेक ड्रायव्हर ती रेघ पाहून गप्प होतात. बाजूचे आणि मागचे कठडे आपल्या नियमांतही आहेत, जमिनीपासून ५५ सेंटिमीटरपेक्षा वर नसावेत असे. खाणीत वाकतात म्हणून पासिंगपुरते लावून नंतर काढून ठेवतात. बिजागरीचा, खिळीने अडकणारा मागचा कठडा करून घ्या : खाणीत वर, रस्त्यावर खाली.

टँकर चालवणाऱ्यांसाठी एक ओळ, पाण्याचे टँकरवालेही त्यात आले. युरोपच्या घातक माल वाहतुकीच्या करारानुसार, आत आडव्या पट्ट्या किंवा कप्पे नसलेली द्रवाची टाकी ८० टक्क्यांहून जास्त किंवा २० टक्क्यांहून कमीच भरायची. अर्ध्या टाकीतले पाणी वळणावर गाडीला ढकलते. २०१८ च्या जानेवारीत चिखलीला अमोनियाचा टँकर उलटून आसपासची घरे रिकामी करावी लागली होती, हे आपल्याकडे अजून लोकांच्या ध्यानात आहे. त्याचे कारण काहीही असो, उलटणे हा टँकरचा मूळ धोका आहे.

तपासणीच्या मुदतीत आपण फार मागे आहोत. नव्या गाडीचे फिटनेस दोन वर्षांनी, आठ वर्षांनंतर दर वर्षी. ब्रिटनमध्ये वार्षिक चाचणीशिवाय मालकाने स्वतः ठरावीक आठवड्यांनी गाडी उघडून तपासायची असते, बारा वर्षांहून जुनी असेल तर जास्तीत जास्त सहा आठवड्यांनी, आणि कागद १५ महिने ठेवायचे. टिप्परला सहा आठवडेच धरा. रोजच्या फेरफटक्याच्या तपासणीचा फॉर्म मात्र लवकर खोटा होतो. महिनाभर रोज ‘सर्व ठीक’ लिहिलेली वही तिथला तपासनीस संशयाने पाहतो. अधूनमधून एखादा मागचा दिवा मुद्दाम काढून ठेवा. तो ज्याने लिहिला नाही, त्याच्याशी बोला.

शेवटी बंद पडलेली गाडी. अमेरिकेत दहा मिनिटांत तीन त्रिकोण ठेवावे लागतात. दुपदरी रस्त्यावर एक गाडीपासून ३ मीटरवर येणाऱ्या वाहनांच्या बाजूला, एक ३० मीटर मागे, एक ३० मीटर पुढे. वळण किंवा चढाव आड येत असेल तर मागचा १५० मीटरपर्यंत न्यायचा. दुभाजकाच्या रस्त्यावर तिन्ही मागेच : ३, ३० आणि ६० मीटरवर. आपण झाडाची फांदी आणि दगड ठेवतो, आणि गाडी दुरुस्त झाली की ते तिथेच सोडून जातो. पहाटे साडेचारला सायकलवरून निघालेला पदेर (पाववाला) त्या दगडावर जातो. प्रत्येक केबिनमध्ये तीन त्रिकोण, एक टॉर्च, एक चकाकणारे जाकीट ठेवा. मागचा लाल, बाजूचा पिवळा आणि पुढचा पांढरा चकाकणारा पट्टा दर फेरीला फडक्याने पुसा. खनिजाच्या धुळीखाली तो असून नसल्यासारखा असतो.